गोळी शाकाहारी वारालाच

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळ.

नवीन वर्ष, नवीन डायरी. (आमच्या मुलीच्या, रुचिराच्या, अंधेरीच्या ऑफिसातून फुकट आलेली.) ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहिणार.

पहिला संकल्प, २६ जानेवारीला मंडळाचा कॅरम डबल्सचा कप घरी आणायचा. मी आणि नंदू. गेल्या वर्षी सेमीफायनलला राणी घेतली आणि तिच्यामागून घालायची सोंगटी, म्हणजे कव्हर, राहिलं. कव्हर माझं होतं, पण बोर्ड दमट होता. दुसरा संकल्प, रागावर ताबा. तिसरा, डॉक्टरचं तोंड बघायचं नाही. हा तिसरा मी तसाही आयुष्यभर पाळत आलोय. साकीनाक्याच्या कारखान्यात रिटायर होईपर्यंत स्टोअर सांभाळलं, आजारपणाची रजा माहीत नाही. सगळी कृपा माझ्या श्रीखंडाच्या डब्याची. घरात कोणीही आजारी पडलं, की ताप उतरल्यावर गोळ्या बंद करायच्या आणि उरलेल्या त्या डब्यात टाकायच्या. बिल्डिंगमधले लोक माझ्याकडे येतात, घसा दाखवतात, मी गोळी देतो. विमला म्हणते, श्रीखंड एका दिवसात संपलं, डबा कधी संपणार? बायकोला बचत कळत नाही.

मार्गशीर्ष संपला एकदाचा! महिनाभर वरणभात खाऊन जिभेला गंज चढला. काल मंगळवार आला म्हणून थर्टीफर्स्टसुद्धा बटाटावड्यावर काढला. आज बुधवार. चाललो बाजारात.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

शिंगाळा आणला. पुतळाबाई कोळीण म्हणाली, भाऊ, याचा काटा वंगाळ असतो, मोडून देते. मी म्हटलं, मालवणी माणसाला मासा साफ करायला शिकवू नको. घरी येऊन साफ करायला घेतला आणि काटा घुसला बोटात. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. म्हणजे स्ट्रायकरचं बोट!

मेलेला मासा, आणि तरी दगा दिला.

हळद दाबली. कालवण मात्र झकास झालं होतं. तिरफळं घालून. डाव्या हाताने खाल्लं.

२ जानेवारी, गुरुवार.

बोट सुजलं. ठणकतंय. विमला म्हणाली, डॉक्टरकडे जा. मी डबा उघडला. माझी लाल-पिवळी कॅप्सूल घेतली. हिने मला कधी दगा दिलेला नाही. दाढ, घसा, फोड, जुलाब, सगळ्यावर हीच. जुना विश्वासू माणूस असतो तशी.

नशिबाने आज गुरुवार. आमच्या घरात गोळी फक्त शाकाहारी वारालाच. वडिलांचा नियम. गिरणीत होते, पण वैद्यकीचं ज्ञान जबरदस्त. औषध आणि मासे पोटात एकत्र आले की औषध उलटतं. म्हणून सोम, मंगळ, गुरू, शनी गोळी. बुध, शुक्र, रवी मासे. दोघांचे वार वेगळे, भांडण नाही. डॉक्टर लोक सांगतात सलग घ्या. सलग घ्यायला ते काय आमच्याकडे जेवायला येतात?

३ जानेवारी, शुक्रवार.

बोट बरं वाटतंय. बांगडे होते. गोळी नाही.

४ जानेवारी, शनिवार.

बोट बरं वाटत नाहीये. कालची बाकी म्हणून आज दोन गोळ्या घेतल्या. हिशेब चोख.

संध्याकाळी मंडळात प्रॅक्टिस. स्ट्रायकरला बोट लावलं आणि डोळ्यांसमोर काजवे. नंदूला कळू दिलं नाही. मधल्या बोटाने मारला. नंदू म्हणाला, दत्त्या, हे काय नवीन? मी म्हटलं, नवीन टेक्निक. तो म्हणाला, सोंगटी हलली पण नाही रे. मी म्हटलं, टेक्निक नवीन आहे ना, सोंगट्यांना सवय व्हायला वेळ लागतो.

नंदू आणि मी लग्नाआधीपासूनचे पार्टनर. माझी बायको पार्टनर झाली ती त्याच्यानंतर. असा माणूस नशिबाने मिळतो.

५ जानेवारी, रविवार.

सुरमई. बोटाबद्दल काही लिहीत नाही.

७ जानेवारी, मंगळवार.

बोटातून पू आला. चांगलं लक्षण, घाण बाहेर पडते आहे. लाल-पिवळी आता एकटी पुरणार नाही असं वाटलं, म्हणून मदतीला रुचिराच्या दाढेची पांढरी एक आणि विमलाच्या खोकल्याची लांबट एक. डब्यातलं सर्वपक्षीय सरकार बसवलं. तिघी मिळून काय ते बघून घेतील.

पोटात गुडगुड. म्हणजे औषध लागू पडतंय.

८ जानेवारी, बुधवार.

रुचिराने सकाळी सकाळी तोंड सोडलं. म्हणाली, पप्पा, अर्ध्या अर्ध्या गोळ्या खाऊन जंतू मरत नाहीत, कमजोर असतात ते मरतात आणि दांडगे असतात ते उरतात, मग पुढच्या वेळी ते गोळीला दाद देत नाहीत. मोबाईलवर कायतरी दाखवायला लागली. जगभर हेच चाललंय म्हणे, साध्या जखमेवर औषध मिळेनासं होतंय. मी म्हटलं, जगात होत असेल, घाटकोपरला नाही. ती म्हणाली, घाटकोपर काय जगाच्या बाहेर आहे? मी पेपर उघडला. रागावर ताबा.

जेवायला तिसऱ्या होत्या, शिंपल्यांचं सुकं. गोळीचा प्रश्नच नव्हता.

विमला बोट बघून म्हणाली, माझा ऐकशात तर ना! मालवणीत बोलली म्हणजे घाबरली आहे.

९ जानेवारी, गुरुवार.

आज दगा नंबर दोन. मासा धरला तर.

लाल-पिवळी संपली. खाली रतनच्या मेडिकलमध्ये गेलो. म्हटलं, नेहमीची दे. रतन म्हणाला, काका, चिठ्ठी आणा. मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, आता खूप कडक झालंय, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाही, आणि ते बोट बघून तर मुळीच देणार नाही, आधी डॉक्टरला दाखवा.

ज्या रतनला मी दुकान टाकताना पाट्या लावायला मदत केली तो रतन! ज्याच्या दुकानाच्या पूजेला मी शिरा वाटला! त्याच्या काउंटरवर उभा राहून मी मोठ्याने म्हणालो, रतन, तू बदललास. मागे रांगेत उभी असलेली बाई म्हणाली, लवकर आटपा. रागावर ताबा राहिला नाही.

रिक्षा करून साकीनाक्याला गेलो. तिथे एका दुकानदाराने काही न विचारता पॉवरवाली पट्टी दिली. म्हणाला, घोड्याला दिली तर घोडा उठेल. याला म्हणतात माणुसकी.

११ जानेवारी, शनिवार.

जिंकलो! सूज उतरली. लाली कमी. बोट वाकतंय, थोडंसं. काल शुक्रवार असूनही मी बांगडा बाजूला ठेवला आणि गोळी घेतली, एवढा मोठा त्याग केला, त्याचं फळ मिळालं. विमलाला बोट दाखवलं. ती भांडी घासायला वळली. हरलेला माणूस अशीच पाठ फिरवतो.

आता बरं झालं म्हटल्यावर गोळ्या वाया कशाला घालवायच्या? उरलेली पॉवरवाली पट्टी डब्यात ठेवली. तळमजल्यावरच्या अंबादासला घशाचा त्रास आहे, त्याला दोन दिल्या. नंदूला फोन करून सांगितलं, कप आपला.

उद्या रविवार. पापलेट सांगून ठेवलं आहे.

१३ जानेवारी, सोमवार.

भोगी. भाकरी, भोगीची भाजी. भूक नव्हती.

अंगात कसकस. हवा बदलली आहे, सगळीकडे साथ आहे. बोट पुन्हा जांभळट दिसतंय, पण आमच्या खोलीतली ट्यूबच तशी आहे. पॉवरवाली पुन्हा चालू केली. ही माझ्या ओळखीची नाही, नवीन आहे, तिला जरा वेळ द्यायला हवा.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

तिळगूळ घ्यायला हात पुढे केला तर बोट सरळ होईना. डावा हात पुढे केला. विमला म्हणाली, आज तरी उजवा पुढे करा. मग तिला दिसलं आणि तिने तिळगूळ तोंडात भरवला.

संध्याकाळी नंदू आला. तिळगूळ घ्या, गोड बोला, म्हणाला. बसला. चहा घेतला. मग म्हणाला, दत्त्या, एंट्री उद्या बंद होतेय, मी सर्वेशचं नाव दिलंय माझ्याबरोबर.

सर्वेश! काल बँकेत लागलेला! ज्याला पावडर किती टाकायची हे कळत नाही!

मी म्हटलं, मी अजून जिवंत आहे ना? नंदू म्हणाला, म्हणूनच सांगतोय, ते बोट बघ यार, कप गेला खड्ड्यात, तू आधी डॉक्टरकडे चल, मी येतो बरोबर. मी म्हटलं, तू चालता हो. तो उठला. जाताना म्हणाला, उद्या सकाळी येतो. मी म्हटलं, सर्वेशकडे जा.

माशाने दगा दिला, रतनने दिला, ते समजू शकतो. नंदू? ज्याच्यासाठी मी स्वतःच्या लग्नाच्या हळदीतून उठून फायनल खेळायला गेलो होतो, तो नंदू?  

१५ जानेवारी, बुधवार.

घरातूनही दगा. बुधवार असून विमलाने मासे आणले नाहीत. डाळ आणि कोबी! म्हणाली, डॉक्टरकडे जाईपर्यंत या घरात मासा येणार नाही. हा संप आहे. वडिलांच्या गिरणीतला संप मी लहानपणी पाहिला आहे, असल्या संपाला मी घाबरत नाही.

नंदू सकाळी येऊन गेला. मी झोपेचं सोंग केलं. विमलाने त्याला चहा दिला. स्वयंपाकघरात दोघं कुजबुजत होते. आता हे दोघं एका बाजूला.

१७ जानेवारी, शुक्रवार. संकष्टी.

उपास. उपाशीपोटी गोळी पोटाला लागते, म्हणून घेतली नाही. चंद्र उगवला की जेवून घेईन.

बोटापासून निघालेली लाल रेघ मनगटापर्यंत आली आहे. अक्षर नीट येत नाही. थंडी वाजते. रुचिरा ऑफिसला गेली नाही. कशासाठी थांबली? दारात रिक्षा कोणी

१९ जानेवारी, रविवार. हॉस्पिटल.

डाव्या हाताने लिहितोय. सलाईनही त्यातच, उजव्या बोटावर बँडेजचं गाठोडं.

मला पळवून आणलं. विमला एका बाजूने, रुचिरा दुसऱ्या बाजूने, आणि नंदू पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर. तिघांचा कट होता. चंद्र न बघता उपास मोडला, म्हणजे सलाईनने मोडला.

पण खरा घाव पुढे आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आतापर्यंत काय काय घेतलंत? मी म्हणालो, साधीच एक गोळी. तर विमलाने पिशवीतून श्रीखंडाचा डबा काढला आणि त्यांच्या टेबलावर उपडा केला. सगळ्यांसमोर! लाल, पांढऱ्या, लांबट, गोल, सुट्ट्या, अर्ध्या. काही गोळ्या खाली घरंगळल्या. नर्स वेचायला लागली. माझी आयुष्याची बचत.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर चाललं असतं. त्यांनी एकेक गोळी उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाल्या, काका, रोज घेत होतात का? मी वारांचा नियम सांगितला. त्यांना पहिल्यांदा कळलं नाही, मग कळलं आणि हसू आलं. म्हणाल्या, मी वेंगुर्ल्याची आहे, माझ्या घरी रोज मासे असतात, या गोळ्यांचं आणि माशांचं काहीएक वैर नाही.

काहीएक वैर नाही!

म्हणजे मी आयुष्यभर बुधवारी ताप अंगावर काढला तो कशासाठी? आणि त्या शुक्रवारचा बांगडा मी सोडला तो कशासाठी? वडिलांना आता कुठे विचारू?

जखमेतला पू तपासायला पाठवला आहे. कुठले जंतू आणि कुठल्या औषधाने मरतात ते कळेल. मी म्हटलं, सगळ्याच औषधांनी मरतील, मी सगळीच दिली आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार.

तपासणीचा निकाल आला. लाल-पिवळीला ते जंतू भीक घालत नाहीत. पांढरीला नाही. लांबटला नाही. साकीनाक्याच्या घोड्याच्या गोळीलासुद्धा नाही. सलाईनमधून द्यायचं एक औषध तेवढं चालतं, ते सहसा बाहेर काढत नाहीत म्हणे, आणखी काही उरलं नाही तर काढतात. तेच आजपासून चढतंय.

लाल-पिवळी! एवढ्या वर्षांची सोबत! आणि ही आतून कधीच हरलेली होती, मला एका शब्दाने सांगितलं नाही.

मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, हे माझ्या डब्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, खात्रीने नाही सांगता येणार, असले जंतू आता कुठेही भेटतात, बाजारात, पाण्यात, इथे हॉस्पिटलातसुद्धा. मी लगेच विमलाकडे बघितलं. ऐकलंस? खात्री नाही! पण बाई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, अर्धवट गोळ्यांनी असेच जंतू पोसले जातात हे मात्र खरं, आणि तुम्ही पहिल्या आठवड्यात आला असतात तर योग्य औषधाने बोट वाचलं असतं हेही बहुतेक खरं.

मी म्हटलं, वाचलं असतं म्हणजे?

मग त्यांनी सांगितलं. हाड सडलं आहे. मधल्या पेरापासून पुढचं काढायला लागेल. नाहीतर हात, आणि हाताच्याही पुढे.

मी विचारलं, सव्वीसनंतर नाही का करता येणार? त्या म्हणाल्या, सव्वीसला काय आहे? मी म्हटलं, काही नाही.

विमलाने सही केली. सही करताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार.

झालं.

अजून बोटाच्या टोकाला खाज येते. टोक नाहीये.

२४ जानेवारी, शुक्रवार.

नंदू रोज येतो. मी बोलत नाही. तो पेपर वाचून दाखवतो, मी भिंतीकडे बघतो. आज म्हणाला, अंबादासला तू दिलेल्या गोळ्या मी त्याच्याकडून काढून घेतल्या. घसा मिठाच्या पाण्याने बरा झाला त्याचा. मी म्हटलं, मग माझ्याकडे कशाला आला होता? नंदू म्हणाला, तू मागे लागलास म्हणून.

सलाईन संपलं. उद्या घरी. रोज एकदा येऊन इंजेक्शन घ्यायचं. वार न बघता.

विचार केला. मधलं बोट शाबूत आहे. या महिन्याच्या सुरुवातीलाच मी त्याची प्रॅक्टिस चालू केली होती, हा दूरदर्शीपणा. पुढच्या वर्षी मधल्या बोटाने खेळणारा मुंबईतला पहिला माणूस मी असेन. नंदूला तेव्हा विचारू, पार्टनर पाहिजे का?

२६ जानेवारी, रविवार.

दुपारी विमलाने ताटात सुरमई वाढली. इंजेक्शन घेऊन आलो होतो तासाभरापूर्वी. भीत भीत खाल्ली. काहीही झालं नाही. एवढी चांगली सुरमई आणि दुसरा तुकडा मी विमलाच्या ताटात ठेवला.

चारला नंदू न्यायला आला. मी म्हटलं, येणार नाही. तो म्हणाला, उद्घाटनाचा शॉट तुझा आहे, मंडळाने ठरवलंय, नगरसेवकाला नाही सांगितलं, तुला सांगितलंय. विमला म्हणाली, डाव्या हाताने मारा हं. मी हो म्हटलं.

मंडळात पूजा झाली होती. माईकवर माझं नाव, ज्येष्ठ खेळाडू वगैरे. नवीन बोर्ड, झकास पावडर टाकलेली. सर्वेशने टाकली होती, बरोबर टाकली होती. सगळे भोवती. मी डावा हात खिशात घातला आणि उजवा बोर्डावर ठेवला. बँडेज आडवं येत होतं. मधलं बोट स्ट्रायकरच्या मागे लावलं, नेहमीसारखा श्वास धरला, समोर काळी सोंगटी, सरळ शॉट, डोळे मिटून जाईल असा.

मारला. कापलेल्या बोटाच्या मुळापासून कळ गेली खांद्यापर्यंत. स्ट्रायकर बोर्डाच्या मध्याकडे सरकत गेला आणि सोंगट्यांच्या अलीकडे थांबला. एकाही सोंगटीला लागला नाही.

या मंडळात मी पोरगा असल्यापासून खेळतोय. माझा स्ट्रायकर फुकट गेला की सगळ्यात आधी नंदू शिवी घालायचा, मग बाकीचे. आईवरून, बापावरून, सगळ्या खानदानावरून. कव्हर राहिलं तेव्हा तर गेल्या वर्षी आठवडाभर घालत होते.

आज सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंदूनेपण.